पोटगी
पोटगी : विवाहसंबंध तुटल्यावर किंवा पतिपत्नी विभक्त झाल्यावर, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या जोडीदारास दुसऱ्याने विधीनुसार द्यावयाची रक्कम. अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांचा खर्च तीत अभिप्रेत असतो. पोटगी ही कृपा नसून विधिमान्य हक्क आहे. तसेच ती दोषी पक्षास केलेला दंडही नव्हे. विवाहकाळात घर व अपत्ये सांभाळण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्यास विवाहविच्छेदानंतर निराधार व्हावे लागू नये, हे तिचे मूलतत्त्व होय.

धर्मशास्त्रात विवाह हा संस्कार मानला असला, तरी पत्नीच्या भरणपोषणाचे कर्तव्य पतीवर होते. आज्ञाधारक व दक्ष पत्नीचा त्याग करणाऱ्या पतीने तिला संपत्तीचा तृतीयांश द्यावा आणि तो निर्धन असल्यास निदान तिचे पोषण करावे, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. मुंबई प्रांतात १९४७ च्या अधिनियमाने हिंदूंना घटस्फोटाची मुभा मिळाली [⟶ घटस्फोट].

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये पोटगीचे दोन प्रकार आहेत. दावा चालू असताना द्यावयाची ती अंतरिम पोटगी (कलम २४) आणि हुकूमनाम्याच्या वेळी वा त्यानंतर ठरणारी ती कायम पोटगी (कलम २५). या दोन्ही पती किंवा पत्नी यांपैकी कोणासही मागता येतात. विशेष विवाह अधिनियम, १९५४ नुसार मात्र हा हक्क केवळ पत्नीस आहे. कायम पोटगी एकरकमी अथवा ठराविक मुदतीने देता येते व तिचा बोजा स्थावर मिळकतीवर ठेवता येतो. परिस्थिती पालटल्यास न्यायालय तीत फेरफार करू शकते. घेणाऱ्याने पुनर्विवाह केल्यास ती रद्दही होऊ शकते. रक्कम ठरविताना उभयतांचे उत्पन्न, मालमत्ता, वर्तन आणि इतर परिस्थिती विचारात घेतात.

यांखेरीज दंडाधिकाऱ्याकडे त्वरित दाद मागण्याची सोय फौजदारी विधीत आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेचा ‘पत्नी’ या संज्ञेत समावेश करण्यात आला. दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये काढून टाकण्यात आली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. पत्नी जारकर्मात राहत असल्यास किंवा पुरेशा कारणावाचून पतीसमवेत राहण्याचे नाकारीत असल्यास तिला या कलमाखाली पोटगी मिळत नाही.

ही तरतूद सर्वधर्मीयांना लागू आहे काय, हा प्रश्न शाहबानो खटल्यात ऐरणीवर आला. इंदूरच्या या वृद्ध घटस्फोटितेस दंडाधिकाऱ्याने दरमहा २५ रुपये मंजूर केले होते. उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले व १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्यावर मोठा वाद माजून १९८६ मध्ये मुस्लिम घटस्फोटितांसाठी स्वतंत्र अधिनियम संमत झाला. त्यातील ‘वाजवी व न्याय्य’ तरतूद इद्दतच्या काळात करावयाची असली, तरी ती स्त्रीच्या पुढील आयुष्यासाठीही पुरेशी असली पाहिजे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये लावला. मुस्लिम घटस्फोटितांना कलम १२५ चाही आधार घेता येतो, असे त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

आदेश मिळणे आणि रक्कम हाती पडणे यांत मात्र पुष्कळ अंतर असते. प्रतिपक्ष उत्पन्न लपवितो, तारखा लांबतात आणि थकबाकी साचते. म्हणून उभय पक्षांनी मालमत्ता व दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिले. पुरेशा कारणावाचून पोटगी थकविणाऱ्यास दंडाधिकारी कारावासही देऊ शकतो. पण तो भोगल्याने देणे फिटत नाही. थकबाकीच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत अनेक स्त्रियांना ठाऊक नसते आणि त्यामुळे मिळालेला हक्कही कागदावरच राहतो.