घाटावरची फौज, खाडीवरचे ठाणे

जुन्नरच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक जण शिवनेरीपाशी सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर, ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. पण या राज्याचा पाया घातला गेला तो समुद्रकाठच्या एका वेढ्यातून. १४८६ मध्ये बहमनी वजीर मलिक हसनचा बिदरला खून झाला, तेव्हा त्याचा मुलगा मलिक अहमद दंडाराजपुरीला वेढा घालून बसला होता. बातमी कळताच तो वेढा उठवून जुन्नरला आला, बापाचा ‘निजाम-उल्-मुल्क’ हा किताब त्याने स्वतःला लावून घेतला आणि १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला. दंडाराजपुरीही त्याने पुढे घेतलीच. घाटावर बसलेल्या माणसाला खाडीचा एवढा सोस का असावा, हे नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहिले की समजते. तिथला दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. तो खरोखर जकातीचा होता की नव्हता, हा वाद बाजूला ठेवू. पण नाणेघाट, माळशेज, आंबेगावातला आहुपे घाट या वाटांवरून चढउतार करणाऱ्या मालावरच या मुलखाच्या धन्यांची तिजोरी भरत आली, याबद्दल वाद नाही. खाली बंदर नसेल तर वर घाट असून उपयोग काय? निजामशाहीसाठी ते बंदर म्हणजे मुख्यतः चौल.

चौलची सुरुवातीची हकीकत वाचकांना ठाऊक असेल: १५०८ ची आरमारी लढाई, तीत पडलेला पोर्तुगीज सेनानी लोरेन्सो द आल्मेदा, आणि १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना रेवदंड्याला दिलेली किल्ल्याची परवानगी. अरबी घोडे चौलला उतरू द्यावेत, ही त्या परवानगीमागची अपेक्षा होती. अशा रीतीने एकाच खाडीवर दोन चौल झाली. वरचे निजामशाही चौल रेशीम विणणाऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे. खालचे रेवदंडा पोर्तुगीजांचे. एकाचा माल दुसऱ्याच्या जहाजावर चढे.

आता १५७० चा वेढा. आदिलशहाने गोव्यावर, कालिकतच्या सामुरीने चालियमवर आणि मुर्तझा निजामशहाने चौलवर एकाच वेळी चालून जायचे, असा तिघांचा बेत ठरला. नोव्हेंबरअखेर फरहादखान हबशी घोडदळ आणि हत्ती घेऊन चौलच्या वाड्यांत उतरला. मागोमाग खुद्द सुलतान आला. पोर्तुगीज लेखक त्याच्या फौजेचा आकडा दीड लाखाच्या घरात नेतात. तो निम्म्याने कमी केला तरी विषमता जबरदस्त उरते, कारण रेवदंड्याला तेव्हा पुरती तटबंदीही नव्हती. कप्तान लुईस फेरेइरा द आंद्रादे याने घरांचे आणि मठांचेच बुरूज केले होते, आणि गोव्याहून फ्रान्सिस्को मास्कारेन्यस काही शे माणसे घेऊन पोचला होता. एकेका घरासाठी लढाई चालली. घर पडले की त्यामागचे घर लढवायचे. पावसाळा लागल्यावर, जूनच्या शेवटी, मुर्तझाने मोठा हल्ला चढवला. तो फसला आणि जुलै १५७१ मध्ये तह झाला. त्या तहात पराभवाचा दंड नाही की जिंकल्याचा मुलूख नाही; पूर्वीचीच मैत्री पुन्हा कागदावर आली.

या अपयशाचे कारण इतिहासकार फिरिश्ता एका फटक्यात सांगतो: निजामशाही सरदारांनी लाच खाल्ली, विशेषतः दारूची, आणि रात्री रेवदंड्यात रसद जाऊ दिली. हे वाक्य पुढच्या इतिहासकारांनी इतक्यांदा उचलले आहे की त्याची झडती घ्यायचे कुणाला सुचत नाही. फिरिश्ता वेढ्याच्या वेळी लहान मूल होता. पुढे त्याने याच मुर्तझाची चाकरी केली, १५८९ मध्ये अहमदनगर सोडले आणि ग्रंथ लिहिला तो विजापुरात. तेव्हा त्याच्या कानावर आले ते पुढे दरबारात घोळलेले बोलणे, आणि सुलतान हरला की सरदार फितूर ठरतात हा दरबारांचा जुनाच शिरस्ता. तरी त्याचे म्हणणे मी खोटे मानत नाही. मला ते अपुरे वाटते. रात्री रसद गेली, हे मान्य. पण ती जाऊ देणाऱ्यांना केवळ बुधल्याची ओढ होती, हे पटत नाही. रेवदंडा सात-आठ महिने बंद म्हणजे वरचे चौलही बंद: माग थांबलेले, जकातीचे नाके ओस, घोडे समुद्रापलीकडे अडकलेले. ज्या बंदरावर आपले उत्पन्न आहे, त्याचा गळा आवळताना हात ढिला पडतो, आणि त्यासाठी दारू लागत नाही. तहात पुन्हा तीच मैत्री आली, ती मुर्तझाच्या औदार्यामुळे नव्हे.

यावर आक्षेप येईल की हे सारे कशाला, निजामशाहीकडे आरमार नव्हते एवढे उत्तर पुरेसे आहे. तोफा तर होत्या. विजापूरच्या बुरुजावर पाहायला मिळणारी मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरलाच ओतली गेली. कमी पडला तो समुद्र. आक्षेप वजनदार आहे, पण तो पुढचा प्रश्न विचारत नाही: आरमार का नव्हते? चौलच्या व्यापाऱ्यांची जहाजे होती, खलाशी होते. वेढ्यात सामुरीची गलबतेही रात्री खाडीत शिरली, काही दिवस राहिली आणि निघून गेली. समुद्रावर पोर्तुगीजांच्या परवान्याने माल सुखरूप जात असेल, तर स्वतःचे लढाऊ आरमार बांधण्याचा खर्च कोण करणार? आरमार नसणे हाही त्याच हितसंबंधाचा परिणाम होता.

दुसऱ्या बुऱ्हाणने केलेल्या उद्योगावरून हे आणखी स्पष्ट होते. त्याने रेवदंड्यावर हल्ला करण्याऐवजी समोर, खाडीच्या मुखावरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधायला काढला. पोर्तुगीजांनी तिथे बांधकाम काढायचा विचार केला, तेव्हा याच डोंगरावरून पूर्वी भांडण होऊन गेले होते. बुऱ्हाणला रेवदंडा पाडायचा नव्हता. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवर तोफ रोखून ठेवायची होती, म्हणजे नाणेघाटातली नाकेबंदी त्याने समुद्रसपाटीला आणली म्हणा. पण तिन्ही बाजूंनी पाणी असलेला किल्ला समुद्र ज्याचा त्याच्याच कामाचा. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीज कोर्लईवर तुटून पडले. दरवाजात एक हत्ती मरून पडला, त्याच्या धुडामुळे दार लावता येईना आणि हल्लेखोर आत घुसले. किल्ल्यावरचा सरदार फरहादखान कैद झाला. घाटावर लढाईत उपयोगी पडणाऱ्या जनावराने खाडीवर दार अडवून ठेवावे, हे दुर्दैवच. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण मेला आणि वारसाच्या भांडणात लहानगा बहादूर जुन्नरजवळच्या चावंडवर कैदेत पडला. त्यानंतर समुद्राकडे पाहायला फुरसत कुणाला होती?

शेवटचा आक्षेप मराठ्यांचा. घाटावरची फौज खाडीवर हरतेच, तर १७४० मध्ये चौल मिळाले कसे? १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने वेढा घातला तेव्हा ते पडले नव्हते. मधल्या काळात बदलले ते बंदर. चौलचा व्यापार मुंबईकडे सरकला होता, वसई १७३९ मध्ये गेली होती आणि मराठ्यांच्या फौजा गोव्यात, साष्टीत शिरल्या होत्या. गोवा वाचवायचा म्हणून पोर्तुगीजांनी इंग्रजांच्या मध्यस्थीने तहात रेवदंडा आणि कोर्लई सोडून दिले. चौल बंद पडले तर कुणाची जकात बुडणार, असा प्रश्न तोवर ना पुण्यात कुणाला पडत होता, ना गोव्यात.