जवळ म्हणजे किती?

वर्गात मी मराठी शिकवतो आणि शाळेच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. मागच्या हिवाळ्यात आठवीच्या सामन्यात दोन्ही फलंदाज धावायला निघाले, ‘नको, नको’ करत खेळपट्टीच्या मधोमध थबकले, तेवढ्यात थ्रो माझ्या टोकाच्या स्टंपवर बसला. दोघेही क्रीजबाहेर. बाद कोण? नियम सांगतो की अशा वेळी त्या टोकाची क्रीज तिथून जास्त जवळ असलेल्या फलंदाजाची. म्हणजे बादही तोच. दोघे अगदी एका ओळीत असतील, तर ओळीत येण्याच्या क्षणाआधी जो जवळ होता, तो.

बाद झालेल्या पोरानं विचारलं, “सर, जवळ म्हणजे किती?”

“किती नाही रे. कोणापेक्षा, ते बघायचं.”

घरी जाईपर्यंत मी त्याच शब्दाचा विचार करत होतो. बोलताना आपण ‘जवळ’ला कधी मोजत नाही. घर स्टँडजवळ आहे म्हटलं, तर चालत पाच मिनिटं लागतील किंवा वीस. ‘माझ्याजवळ शंभर रुपये आहेत’ यात तर अंतरच नाही, मालकी आहे. जवळचा माणूस नागपूरला राहत असला तरी जवळचाच. ‘काम जवळजवळ झालं’ म्हणजे अजून झालेलं नाही! आणि माझ्या कानाला ‘दारापाशी’ हे ‘दाराजवळ’हून दाराला अधिक खेटून वाटतं.

खेळाला हा सैलपणा परवडत नाही. फुटबॉलमध्ये ऑफसाइड ठरवताना खेळाडू चेंडू आणि शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी, या दोघांपेक्षाही गोलरेषेच्या जवळ आहे का, ते पाहतात. बरोबरीत असेल तर ऑफसाइड नाही. मराठीत ‘जवळ’ला तुलनेचं वेगळं रूप नाही, म्हणून इथे ‘पेक्षा’ गाळून चालत नाही. मुलं नियम लिहिताना नेमकं तेच गाळतात आणि मैदानात भांडतात.

कबड्डीनं तर शब्द सोडून आकडाच धरला. पुरुषांच्या मैदानात निदानरेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते. कोणालाही न शिवता परतणाऱ्या चढाईपटूनं ती एकदा तरी ओलांडलेलीच हवी, नाहीतर तो बाद. ‘रेषेजवळ गेला होता की’ हे कोणी ऐकून घेत नाही.

सामन्याआधी फक्कीची रेषा पुन्हा मारतात, तेव्हा टेप धरायला हल्ली मी व्याकरणाच्या तासाची मुलं नेतो. परवा टेपचं दुसरं टोक त्याच बाद झालेल्या पोराच्या हातात होतं.