शीतकपाटाचा प्रवासी जमाखर्च

कावेरीकाठी शिवनसमुद्र येथे 1902 साली जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि तेथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली. विजेशी इतके जुने नाते असलेल्या म्हैसूरच्या परिसरात आज हौशी प्रवासी कबिनीकाठासारख्या ठिकाणी, विजेच्या तारांपासून दूर, कॅरव्हॅनमध्ये मुक्काम करू पाहतात. महाराष्ट्रानेही 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. अशा वेळी गृहिणीचा पहिला प्रश्न असतो, "घरचाच फ्रिज गाडीत चालेल का?" दूध-भाजीचे एक वेळ निभावते, परंतु सोबतच्या वडीलधाऱ्यांचे इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच साठवावे लागते. म्हणून हा प्रश्न केवळ चैनीचा नव्हे.

उत्तर जमाखर्चात आहे. प्रथम खर्चाची बाजू पाहू. फ्रिजच्या तारांकित लेबलावर वर्षाला 180 युनिट असे छापलेले असेल, तर दिवसाला अर्धा युनिट लागेल. इन्व्हर्टर मात्र फ्रिज स्वस्थ असतानाही वीज घेतो. ही गळती 12 वॅट धरली तरी 24 तासांत जवळजवळ 0.3 युनिट होते. रूपांतरातील घट मिळवता खर्च 0.9 युनिटवर जातो. लेबल पाहून खरेदी करणाऱ्यांच्या नजरेतून हाच छुपा खर्च निसटतो.

आता जमेची बाजू. टपावरील 400 वॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात, घट वजा जाता, दिवसाला सुमारे 1.2 युनिट देईल. पावसाळी ढगांत किंवा झाडाच्या सावलीत ही आवक निम्म्याहूनही खाली येते. गाडी सावलीत लावावी की उन्हात, हा निर्णय म्हणूनच आर्थिक ठरतो!

बॅटरी ही आपली गंगाजळी. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत 1.8 युनिट मावतात. परंतु तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मेच वापरावेत. म्हणजे राखीव निधी जेमतेम एका दिवसाचा.

काही पथ्ये पाळावीत. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो. तेव्हा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आणि पुरेशा क्षमतेचा असावा. फ्रिज घट्ट बांधावा, दाराला कडी लावावी, मागे हवा खेळती ठेवावी. दुपारी उन्हाच्या जोरावर पाण्याच्या बाटल्या गोठवून रात्री खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. ही थंडाव्याची मुदत ठेवच होय. इन्सुलिन मात्र बर्फाला टेकू देऊ नये; एकदा गोठलेले इन्सुलिन वापरण्याजोगे राहत नाही. औषधाशेजारी एक साधा तापमापक ठेवावा.

दोन रात्रींच्या सहलीसाठी बर्फाची पेटी पुरेशी आहे. दीर्घ मुक्काम असेल तर घरचा फ्रिज अवश्य न्यावा; पण फ्रिजच्या किमतीसोबत पॅनेल, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांचीही बेरीज आधी करावी. ऊन जमा होण्यापूर्वी थंडावा खर्च करता येत नाही, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे प्रवास सुखाचा होईल.