राणीच्या बागेतली उर्वशी

रविवारी आप्पा आम्हा भावंडांना चिंचपोकळीहून चालत राणीच्या बागेत न्यायचे. हत्ती बघायचा, वाघ बघायचा आणि एका जाडजूड झाडाच्या बुंध्याला टेकून चपाती-भाजीचा डबा खायचा. त्या झाडाचं नाव मला कळलं चाळिशी ओलांडल्यावर: गोरखचिंच. मूळची आफ्रिकेची. खोड इतकं फुगतं, कारण त्यात ती पाणी साठवून ठेवते. फूल रात्री उमलतं आणि वटवाघळं त्याचं परागीभवन करतात. तेव्हापासून मी भायखळ्याच्या या बागेत जाते ती झाडांसाठीच.

ही बाग आधी झाडांचीच होती. पश्चिम भारतातल्या कृषी-उद्यान संस्थेची बाग पूर्वी शिवडीला होती. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवी बाग उभी राहिली. १८६२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. नाव व्हिक्टोरिया गार्डन, म्हणून लोकांची राणीची बाग. प्राणी नंतर आले. आता पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असलं, तरी टॅक्सीवाल्याला आजही ‘राणीची बाग’ म्हटलं की पुरतं.

परवा फेब्रुवारीत नातीला घेऊन गेले. तिला पेंग्विन बघायचे होते. म्हटलं, बघू या, पण आधी माझं. कैलासपतीपाशी थांबलो. फुलं थेट खोडावर येतात. मधोमध पिंडीसारखा भाग आणि वर नागाच्या फणीसारखं छत्र. नावाचं कारण सांगावं लागत नाही. झाड मात्र दक्षिण अमेरिकेतलं. या फुलात मध नसतो, परागच दोन प्रकारचे असतात: एक कीटकांना खायला, दुसरे पुढच्या फुलाकडे पोचवायला. नातीने वाकून वास घेतला आणि नाकाला पिवळी पूड लावून घेतली.

मग उर्वशी. हे झाड ब्रह्मदेशातलं. वॉलिच नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते तिथल्या एका मठाच्या बागेत दिसलं. मुंबईत ते फार ठिकाणी नाही, म्हणून या भेटीची मी वर्षभर वाट बघते. लांब देठांवर लाल फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. त्याहून मला आवडते ती कोवळी पालवी. तांबूस-तपकिरी, मऊ, पिळून वाळत घातलेल्या रुमालासारखी ती उभ्या रेषेत लटकते. मी नातीचा हात धरून एक पान तळव्यावर ठेवलं. ‘आजी, हे मेलंय का?’ ‘नाही गं, नुकतंच आलंय.’ काही दिवसांनी ते हिरवं होतं, ताठ होतं आणि आडवं पसरतं.

साधारण २००७ पासून इथल्या पुनर्विकासाच्या आराखड्यावर वाद झाला, तेव्हा काही मुंबईकर बायका झाडांसाठी उभ्या राहिल्या. त्यांनी बागेतल्या वनस्पतींची नोंद केली, कागदपत्रं जमवली, पाठपुरावा केला. त्यांचं ऋण मला मोठं वाटतं. गोरखचिंच तोडल्यावर दुसरी लावता येईल, पण ती टेकण्याजोगी व्हायला किती पिढ्या लागतील!

पेंग्विन शेवटी पाहिले. निघताना नातीने विचारलं, ‘ते पान हिरवं कधी होणार?’ बुधवारी बाग बंद असते. गुरुवारी सकाळी आम्ही पुन्हा जाणार आहोत.