चारशे फुटांपर्यंत इंजिनाला हात नाही

विमान धावपट्टी सोडत असतानाच एक इंजिन बंद पडलं तर वैमानिक आधी काय करतो, असं एका वाचकाने विचारलं आहे. इंजिनाचं म्हणाल तर काहीच करत नाही.

थांबायचं की उडायचं, हे गणित निघण्यापूर्वीच मांडलेलं असतं. वजन, धावपट्टीची लांबी, वारा, तापमान पाहून दर उड्डाणासाठी ‘व्ही-वन’ हा वेग काढतात. त्याआधी इंजिन गेलं तर ब्रेक. नंतर गेलं तर उडायचंच, कारण उरलेल्या धावपट्टीत विमान थांबेल याची खात्री नसते. व्ही-वनचा पुकारा होताच कॅप्टन थ्रॉटलवरचा हात काढून घेतो, थांबण्याचा मोहच होऊ नये म्हणून.

एका बाजूचं वल्हं थांबलं की होडी त्या बाजूला वळते, तसं विमानाचं नाक बंद इंजिनाकडे वळू लागतं. पायाने शेपटावरचं रडर दाबून ते सरळ ठेवायचं. शेपटाचा उभा पंख एवढा मोठा असतो तो बराचसा याच क्षणासाठी! आणि चढायला बळ? दोन इंजिनांच्या जेटने चाकं आत घेतल्यावर एकाच इंजिनावर शंभर मीटरमागे किमान 2.4 मीटर चढलं पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे दोन्ही इंजिनं चालू असताना आपण गरजेच्या दुपटीहून जास्त ताकद घेऊन उडत असतो. या नियमाचं मला फार कौतुक वाटतं.

साधारण चारशे फुटांपर्यंत फक्त विमान सांभाळायचं. मग एकाने बंद पडलेल्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवायचा, दुसऱ्याने तीच बरोबर असल्याचं पाहून होकार द्यायचा, त्यानंतरच ती ओढायची.

4 फेब्रुवारी 2015 रोजी तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर-72 विमानात हेच राहून गेलं. उजव्या प्रोपेलरने ओढणं सोडलं; कॅप्टनने मात्र डाव्या, धडधाकट इंजिनाचा थ्रॉटल मागे घेतला. सहवैमानिकाने थांबून ताडून पाहायला सांगितलं होतं. पुढे ते चांगलं इंजिन बंदच झालं. चूक लक्षात आली तोवर उंची उरली नव्हती. विमान कीलुंग नदीत कोसळलं. 58 पैकी 43 जण गेले. 1989 मध्ये इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ बोइंग 737 पडलं, तेव्हाही चांगलंच इंजिन बंद केलं गेलं होतं. 47 जण दगावले.

म्हणूनच ‘क्षणार्धात निर्णय’ अशा मथळ्यांनी वैमानिकांचं कौतुक होतं तेव्हा मी अस्वस्थ होतो. सिम्युलेटरमध्ये त्यांच्याकडून हा प्रसंग वर्षानुवर्षं घोटून घेतात, तो इंजिन चटकन बंद करता यावं म्हणून नव्हे. सहकाऱ्याचा होकार येईपर्यंत लिव्हरवरचा हात स्थिर राहावा म्हणून.