खोकला बसतो, कारण उरते

खापरखेड्यात कुणाला खोकताना पाहिले, तर "काय झाले?" असे विचारायची फारशी गरज पडत नाही. उत्तर साऱ्यांना पाठ आहे. राख! उन्हाळ्यात वावटळ उठली की गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर करडा थर बसतो, अंगणातली तुळस पांढुरकी दिसू लागते आणि दोरीवरचे कपडे पुन्हा झटकावे लागतात. मग काकांचा खोकला राखेचा, शेजारच्या आजींचा राखेचा आणि शाळेतल्या पोराचाही राखेचाच.

हा समज हवेतून आलेला नाही. इथल्या सध्याच्या औष्णिक वीज केंद्राचा २१० मेगावॉटचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला. तसेच आणखी तीन संच पुढे आले आणि २०११ मध्ये ५०० मेगावॉटचा पाचवा. एकूण क्षमता झाली १,३४० मेगावॉट. शेजारी कोराडीचे केंद्र, जवळच सिल्लेवाड्यासारख्या कोळशाच्या खाणी. आपल्याकडचा कोळसाही राखाळ. शंभर किलो जाळला तर साधारण तीस ते पंचेचाळीस किलो राख उरते. तिचे जाड कण नाका-घशात अडकतात, पण अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. ज्याला आधीच दमा आहे, त्याचा त्रास अशा हवेत वाढतो, यात शंका नाही.

अडचण वेगळीच आहे. "राख" हे उत्तर एकदा मिळाले, की प्रश्न विचारणेच थांबते. खोकला दोन महिने टिकला तरी थुंकी तपासली जात नाही, एक्स-रे काढला जात नाही. रात्रीची झोप मोडू लागली, की औषधाच्या दुकानातून "मागच्या वेळी दिली होती ती" बारीकशी गोळी आणली जाते. तीन दिवसांत खोकला बसतो. घर सुटकेचा नि:श्वास टाकते. पंधरा दिवसांनी ढास पुन्हा लागते आणि गोळी पुन्हा येते. ही गोळी बहुधा स्टेरॉइडची असते. घरात मात्र तिला "खोकल्याची गोळी" म्हणतात.

स्टेरॉइड हे काही मुळात वाईट औषध नव्हे. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (नागपूरकरांच्या मेयोशी त्याचा संबंध नाही) डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असाच स्राव रोज तयार करतात. औषधातले स्टेरॉइड त्याचेच भावंड. शरीरात कुठेही सूज असली तरी ते ती उतरवते. दम्यात श्वासनळीच्या आतल्या बाजूला सूज असते. ती उतरली, की खोकलाही उतरतो.

पण सूज उतरवणारे औषध सूज कशाने आली हे सांगत नाही. घरात धूर दिसतो म्हणून खिडक्या उघडल्या, तर धूर जाईल. चुलीवरचे जळणारे पातेले तसेच राहील. खोकल्याचे पातेले तर कित्येकदा छातीत नसतेच. नाकामागून घशात ओघळणारा स्राव, जठरातून वर चढणारे आम्ल, धाप न लागता केवळ खोकल्याच्या रूपाने येणारा दमा ही दीर्घ खोकल्याची नेहमीची कारणे. रक्तदाबासाठी घेतलेल्या एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांनीही काहींना कोरडी ढास लागते. डॉक्टरांनी गोळी बदलली, की ती बहुधा काही आठवड्यांत थांबते. नाकात किंवा पोटात मूळ आणि छातीसाठी औषध, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! त्यातून स्टेरॉइडच्या गोळीने कित्येकांची आम्लता वाढते. मूळ पोटात असेल, तर औषधानेच दुखण्याला खतपाणी मिळते.

विदर्भातल्या घरांनी एका कारणाकडे मुद्दाम पाहायला हवे. फुफ्फुसांच्या जाळीचे आजार असलेल्या १,०८४ भारतीय रुग्णांची एक नोंदणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे ४७ टक्के रुग्णांना हवेतून आत जाणाऱ्या बुरशीसारख्या किंवा पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या गोष्टींच्या वावड्यामुळे होणारा आजार होता, आणि त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या रुग्णांच्या बाबतीत कूलरचा संपर्क आढळला. मार्च ते जून कूलरशिवाय घर चालत नाही असा हा आपला मुलूख. गेल्या वर्षीच्या ताट्या तशाच, टाकीतले पाणी आठवडाभर तेच, आणि त्यावरून येणारा गारवा रात्रभर उशाशी. प्रत्येक कूलर रोग देतो असे नव्हे. पण खोकला दरवर्षी त्याच महिन्यांत येत असेल आणि जिना चढताना दम लागत असेल, तर डॉक्टरांना कूलरबद्दल सांगायला हवे. या आजारात डॉक्टर विचारपूर्वक स्टेरॉइड देतातही. मात्र बुरशी खिडकीत तशीच राहिली, तर गोळीचा उपयोग किती काळ होणार? आपले बोट चिमणीकडे असते, आणि कारण कधी कधी खिडकीत बसलेले असते.

सर्वांत मोठा धोका क्षयाचा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासायची, हा आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा साधा नियम आहे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत मिळतात. स्टेरॉइडने क्षयाचा ताप उतरतो, भूक लागते, रुग्णाला बरे वाटते. आत मात्र शरीराची प्रतिकारशक्ती दबते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. तोवर घरातल्या नातवंडांना त्याच खोलीत झोपवलेले असते.

बरे, समजा दोष खरोखरच धुळीचा निघाला. मग तरी ही गोळी कामाची? सिलिकॉसिस किंवा कोळसा कामगारांचा न्यूमोकोनिओसिस यांत फुफ्फुसात रुतलेली धूळ आणि पडलेले व्रण स्टेरॉइडने निघत नाहीत. या आजारांत धुळीपासून दूर होणे हाच पहिला उपाय. शिवाय हे आजार कायद्याने नोंदवण्याजोगे आहेत, आणि व्यवसायजन्य आजाराबद्दल भरपाईची तरतूदही कायद्यात आहे. पण कायद्याला "राखेचा खोकला" हा शब्द कळत नाही. त्याला एक्स-रे लागतो, निदान लागते, कामाच्या वर्षांची नोंद लागते. कायम कामगाराची फाईल कुठेतरी असते. ठेकेदाराकडे आज इथे, उद्या तिथे राबणाऱ्याची कुठे असणार? त्याने गोळ्या खाऊन खोकला दाबत दहा वर्षे काढली, तर दुखणे त्याचे राहते आणि पुरावा कुणाकडेच राहत नाही. म्हणून ज्याला राखेवर खरा संशय आहे, त्याने तर तपासणी आधी करून घ्यावी. कुठे, किती वर्षे, कोणत्या धुळीत काम केले, हे डॉक्टरांना सांगून कागदावर लिहून घ्यावे.

हेच औषध योग्य जागी काय करते आणि भलत्या जागी काय करते, हे आपण करोनाच्या दिवसांत पाहिले आहे. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीने दाखवले, की प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने कमी होतात. प्राणवायू न लागणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते घरोघरी, हवे तसे घेतले गेले. त्यात मधुमेहाची भर पडली, आणि म्युकरमायकोसिसने नागपूर-विदर्भातल्या कितीतरी लोकांचे डोळे आणि जबडे नेले.

याच्या उलट भीती "पंपा"ची. पोराला पंप लागला म्हणजे आयुष्यभराचे झाले, मुलीचे लग्न जमणार नाही, असे अजूनही कुजबुजत बोलले जाते. हिशेब करून पाहा. पंपातल्या एका मात्रेत स्टेरॉइड साधारण १०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते. दम्याच्या झटक्यात गोळीने दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम दिले जाते. औषधे वेगळी असल्याने तुलना तंतोतंत नाही, पण अंदाज येतो. पंपातले औषध जिथे हवे तिथे थेट पोचते. घेतल्यावर चूळ भरली, तर तोंडात पांढरी बुरशी धरण्याचा आणि आवाज बसण्याचा त्रासही कमी होतो. असे असून आपण पंप लपवतो आणि गोळी बिनधास्त गिळतो!

ज्यांना डॉक्टरांनीच दीर्घकाळ गोळी दिली आहे, त्यांचे घरही त्या गोळीबरोबर राहायला शिकते. ती सकाळी न्याहारीनंतर घ्यायची. संध्याकाळी घेतली तर झोप उडते. भूक खवळते, चेहरा गोल होतो, आणि भेटायला येणारे "तब्येत सुधारली हो" म्हणतात तेव्हा बाईच्या डोळ्यांत पाणी येते. मन उगाच चिडते. हा स्वभाव बदललेला नाही, औषध बोलते आहे, हे घरच्यांनी ओळखावे. साखर आणि रक्तदाब तपासत राहावे. हाडे ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियमबद्दल, मोतीबिंदूचा संभव म्हणून डोळ्यांबद्दल विचारावे.

आणि गोळी अचानक बंद करू नये. पाच-सात दिवसांचा कोर्स डॉक्टर थेट थांबवतात, पण तीन आठवड्यांहून जास्त दिवस गोळी चालली, की शरीरातली ग्रंथी स्वतःचे काम सोडून देऊ शकते. अशा वेळी गोळी एकदम सोडली, तर उलट्या, घेरी, रक्तदाब कोसळणे, प्रसंगी जिवावर बेतणे. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. या गोळीनेही मुंगीच्या पावलांनीच जायचे असते. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे किंवा शस्त्रक्रियेला जाताना "स्टेरॉइड चालू आहे" हे आधी सांगावे.

इतके सारे करूनही काहींच्या खोकल्याला कारण सापडत नाही. तपासण्या स्वच्छ, आणि उबळ मात्र तीच. अशांच्या घशातले मज्जातंतू अतिसंवेदनशील झालेले असतात, असे आज मानले जाते. फोडणीचा वास, थंड हवा, मोठ्याने हसणे एवढ्यानेही ठसका लागतो. या खोकल्यावर स्टेरॉइडचा सहसा उपयोग नसतो. श्वासाचे आणि वाणीचे प्रशिक्षण, घोट घोट पाणी पिऊन उबळ परतवण्याची सवय, मज्जातंतू शांत करणारी काही औषधे, यांनी बऱ्याच जणांना उतार पडतो. करोनानंतर एसटीत खोकणाऱ्याकडे लोक वळून पाहतात, कीर्तनात शेजारचा सरकून बसतो. खोकताना लघवी निसटते म्हणून कित्येक स्त्रिया लग्नकार्याला जाणेच सोडतात आणि डॉक्टरांपुढे त्याचा उच्चारही करत नाहीत. तो करावा. त्यावरही उपाय आहेत.

डॉक्टरांकडे जाताना एक साधी वही न्यावी. खोकला कधीपासून, रात्री की जेवणानंतर, घरात शेगडी, कबुतरे, कूलर काय काय आहे, आजवर कोणत्या गोळ्या झाल्या. रिकाम्या पट्ट्याही पिशवीत टाकाव्यात. आणि औषध हातात पडले, की विचारावे: "डॉक्टरसाहेब, हे कोणत्या आजाराचे? यात स्टेरॉइड आहे का? किती दिवस घ्यायचे आणि कसे थांबवायचे?" राखेबद्दल गावाने जाब विचारत राहावे, तो हक्कच आहे. पण त्या उत्तराची वाट पाहताना घरातला खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर उद्याच जावे. दवाखाना उघडा असेल.