कच्चं लिंबू

एका आईचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना.

मुलगा नऊ वर्षांचा. त्याला एकॉन्ड्रोप्लेशिया आहे, म्हणजे हाडं आखूड राहून उंची कमी राहते. सोसायटीतली मुलं चिडवत नाहीत, रोज हाका मारून खेळायला नेतात. तरी हल्ली तो खाली उतरायलाच तयार नसतो. का, ते आईला कळेना. उत्तर तिच्याच पत्रात शेवटच्या ओळीत होतं: लपाछपीत मुलं त्याच्यावर कधी राज्य येऊ देत नाहीत.

म्हणजे पोरगा कच्चं लिंबू झाला! हा हुद्दा खरा धाकट्या भावंडाचा. खेळात असायचं, पण आउट व्हायचं नाही. तीन वर्षांच्या पोराला त्यात मजा वाटते आणि दोन-तीन वर्षांत तो आपोआप पक्का भिडू होतो. उंची कमी असलेल्या मुलाला ही बढती मिळतच नाही. एकॉन्ड्रोप्लेशियात आखूड राहतात ती मुख्यतः दंडाची आणि मांडीची हाडं. समज वयाप्रमाणेच वाढते. पण चौथीतल्या मुलाला शेजारच्या काकू ‘बालवाडीत जातोस का रे?’ विचारतात आणि न विचारता कोणीही कडेवर उचलतं. घरात तरी कोणाला अनुभव असतो? अशा दहापैकी आठ मुलांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे असतात.

बाकावर बसल्यावर पाय लोंबकळून मुंग्या येत असतील, तर पायाखाली पाट हवाच. नळ उंच असेल तर स्टूल हवं. ही झाली सोय. राज्य माफ करणं ही सवलत, आणि नऊ वर्षांच्या मुलाला ती बरोबर कळते.

सोय आणि सवलत यांतला हाच फरक मोठ्या स्पर्धांतही दिसतो. पॅरा-बॅडमिंटनमध्ये कमी उंचीच्या खेळाडूंचा एसएच-६ हा गट आहे. तिथे प्रतिस्पर्धी आपल्याच उंचीगटातला मिळतो, पण कोर्ट पूर्ण आणि जाळीची उंची नेहमीचीच. जयपूरच्या कृष्णा नागरने टोकियो पॅरालिम्पिकमध्ये, ५ सप्टेंबर २०२१ रोजी, याच जाळीवर हाँगकाँगच्या चू मान काईला २१-१७, १६-२१, २१-१७ असं हरवून सुवर्ण जिंकलं. मधला गेम तो हरला होता, हे मुलांना आवर्जून सांगावं.

त्या आईचं परवा दुसरं पत्र आलं. तिने खालच्या मुलांना बोलावून एवढंच सांगितलं, की याच्यावरही राज्य येऊ द्या. पहिल्याच दिवशी अडलं. मोठ्या पोरांच्या पाठीवर धप्पा द्यायला त्याचा हात पोचेना. मुलांनी पाच मिनिटं भांडून नियम बदलला: कमरेवरचा धप्पाही धरायचा, आणि तो सगळ्यांसाठी. संध्याकाळी हा तणतणत वर आला. चप्पल भिरकावली आणि म्हणाला, “मी आउट नव्हतोच! धप्पा आधी मीच दिला होता!”